आतून बांधलेली भिंत

सोमवार, ३ नोव्हेंबर

कडेगावहून निघालेली एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत आली, तरी अकराच्या आत नांदजाईला पोहोचले. बोर्डिंग पाहिलं आणि शीण गेला. खाली काळा दगड, वर भाजलेली वीट, मंगलोरी कौलं, समोर बारा कमानींचा व्हरांडा. पुढच्या वर्षी इमारतीला शंभर वर्षं होतील. शंभरी साजरी करायची आणि मग हिला पाडून तीन मजली कॉलेज उभं करायचं, असा कमिटीचा बेत आहे. माणसं आधी हार घालतात आणि मग पाडतात, हे काही नवीन नाही. पण यांनी निदान आठवण ठेवायचं मनात आणलं. म्हणून मला साताऱ्याहून बोलावलं. संपूर्ण बोर्डिंगची कागदी प्रतिकृती करायची, पन्नासास एक प्रमाणात. ती नव्या कॉलेजच्या दारात काचेच्या पेटीत राहील.

कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब, निवृत्त सुभेदार, स्वतः स्टँडवर घ्यायला आले. माझी पिशवी हातातून ओढून घेतली आणि वाटेत तीनदा आडनाव विचारलं. मी तीनदा नुसतं माया सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी गाव विचारलं. मी हसले. तेही हसले.

राहायला जुन्या रेक्टरची खोली आणि कामाला जेवणघर दिलंय. चाळीस पोरांच्या पंगतीचं लांब टेबल अजून तिथेच आहे. माझा कागद त्यावर पसरला तेव्हा लग्नाचा रुखवत मांडल्यासारखं वाटलं. झाडलोट करणाऱ्या तानुबाईंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा आणून दिला. एवढ्या कागदाचं काय करणार, हे त्यांनी विचारलं. घर करणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "कागदाचं घर लय सोपं बाई. आमाला सिमेंटचंबी हुईना."

नेहमीप्रमाणे मापं आणि रोजनिशी याच एका वहीत. खूप दिवसांनी कामाला हात लावताना आनंद होतोय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दोन दिवस टेप ओढते आहे. माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक भाग बाहेरून मोजायचा, मग आतून मोजायचा आणि वजाबाकी करायची. उरते ती भिंतींची जाडी. जे मोजलं नाही ते मी बांधत नाही. अंदाजाने केलेली प्रतिकृती म्हणजे खोटी साक्ष.

मागचा भाग जुळत नाही. बाहेरून लांबी बेचाळीस फूट, आतून साडेअठ्ठावीस. दोन बाहेरच्या भिंतींचे तीन फूट वजा केले तरी साडेदहा फूट उरतात. तीनदा मोजलं. म्हणजे जेवणघराच्या शेवटच्या भिंतीपलीकडे एक खोली आहे आणि तिला दार नाही. भिंतीवर चुना आहे, पण उजेड तिरपा पडला की मधोमध दाराएवढा चौकोन दिसतो. वर दाराची दगडी कपाळपट्टी आहे आणि तिच्याखाली चिणलेल्या विटा.

तानुबाईंना विचारलं. त्यांनी केरसुणी उचलली आणि भाकरी गार होईल म्हणाल्या. लालासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "कोटी आसंल वो. धान्याची. उंदरं झाली म्हणून बंद केली आसंल."

धान्याच्या कोठीला एवढी रुंद कपाळपट्टी कोण घालतं?

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज जालिंदर गुरुजी आले. निवृत्त शिक्षक आणि कमिटीतले एकटे बौद्ध. बराच वेळ माझे कापलेले कागद पाहत बसले. मग दार लोटून घेतलं आणि सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते.

इमारत बांधल्यावर दहा वर्षांनी गावात प्लेग आला. त्या काळच्या रीतीप्रमाणे सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेलं. बोर्डिंगचीही पोरं गेली. फक्त मागच्या खोलीत अकरा पोरं होती, महारा-मांगांची. ती वेगळी जेवायची, वेगळी झोपायची. त्यातल्या एकाच्या काखेत गाठ आली. माळावर त्यांच्याजवळ झोपडी घालायला कोणी तयार होईना. शिकायचं तर राबायचं, हा बोर्डिंगचा नियम होता, म्हणून त्या पोरांना गवंडीकाम येत होतं. स्वयंपाकघराच्या भिंती त्यांनीच रचल्या होत्या. रेक्टरने त्यांना विटा आणि चुना दिला आणि दार आतून बंद करून घ्यायला सांगितलं. वर वीतभर झरोका ठेवा, त्यातून भाकरी मिळेल. आम्ही हाक मारेपर्यंत भिंत काढायची नाही. जो नियम मोडेल त्याचं नाव हजेरीपटावरून कमी होईल.

पोरांनी भिंत बांधली. भाकरी टाकायला ठेवलेला माणूस चौथ्या दिवशी पळून गेला. गाव अडीच महिन्यांनी परत आलं. झरोका बाहेरून बुजवला, चुना फासला आणि हजेरीपटाची पानं फाडली.

मी विचारलं, त्यांनी भिंत फोडली का नाही? बांधता येत होती, तशी पाडताही येत होती.

गुरुजी म्हणाले, "नाव कमी झालं आसतं की, बाई."

त्यांच्या आज्याचा धाकटा भाऊ त्या अकरांत होता. नाव ठाऊक नाही. घरात ते उच्चारायची बंदी होती, कारण पुढे गुरुजींच्या वडिलांना याच बोर्डिंगात जागा मिळाली.

ते गेल्यावर मी त्या भिंतीसमोर उभी राहिले. या देशात ज्ञानाची दारं बंद होती, असं आपण भाषणांत म्हणतो आणि टाळ्या घेतो. इथे ते दार पोरांकडूनच बंद करून घेतलं, आणि त्यांनी ते सुबक केलं, कारण त्यांना शिकायचं होतं.

ही खोली प्रतिकृतीत येणार. नावांसकट.

रविवार, ९ नोव्हेंबर

कमिटीची बैठक झाली. मी उभी राहून सगळं सांगितलं. मग एकजण म्हणाला, "कागदाचीच तर खोली, मॅडम. न्हाई केली तर कुटं पावसात गळणार हाय?" सगळे हसले. लालासाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "आवं बाई, मी सवता हितल्या भाकरीवर फौजंत गेलो. हजारो पोरं मार्गी लागली. शंभर वर्सांच्या पुण्याईवर तुमी एक डाग दावणार?"

मी म्हणाले, ज्या पुण्याईला अकरा पोरं आत चिणून ठेवावी लागतात ती पुण्याई नव्हे, ती भीती आहे. डाग मी दाखवत नाही, तुम्ही त्यावर चुना फासून बसलाय. पेटीत ठेवायची असेल तर अख्खी इमारत ठेवा, नाहीतर रिकामी पेटी ठेवा. तीसुद्धा याहून खरी असेल.

जालिंदर गुरुजी खाली बघत होते. एकदाही वर बघितलं नाही.

निर्णय झाला. खोली दाखवायची नाही. आणि शंभरीच्या मांडवाला जागा हवी म्हणून मागचा भाग नंतर नव्हे, आत्ताच पाडायचा. सोमवारी, २४ तारखेला मशीन येईल.

म्हणजे पंधरा दिवसांनी ही खोली फक्त माझ्या कागदात उरेल. नाहीतर कुठेच नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खोली केली. आतली मापं नसताना, निव्वळ बाहेरच्या आकड्यांवरून. माझा नियम मोडून.

कागदी पेटी करताना एक अडचण येते, ती इथे लिहून ठेवते. पाच बाजू सहज चिकटतात, कारण एक बोट आत आणि एक बाहेर ठेवून कड दाबता येते. सहावी बाजू बंद करताना आतलं बोट बाहेर आलेलं असतं. ती कड कधीच घट्ट बसत नाही, थोडी फुगून राहते. म्हणून आम्ही तळाला बोटाएवढं भोक ठेवतो. मी ते मुद्दाम ठेवलं नाही. दार नसलेली खोली दार नसलेलीच दिसू दे.

दाराची भिंत शेवटी चिकटवली. अपेक्षेप्रमाणे कड फुगली. सकाळी पाहू म्हणून तशीच ठेवली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

कड सपाट बसली आहे.

दमट हवेने कागद बसला असेल, असं मानून पुढे कौलांच्या कामाला लागले. पण जोड पुन्हा पुन्हा पाहत होते. बाहेरून दाबली असती तर कागदावर बोटाची चकाकी राहिली असती. ती नाही. दुपारी राहवलं नाही. ब्लेडने छत उघडलं.

कडेवर आतल्या बाजूने नख ओढल्याची बारीक रेघ आहे. टोकापासून टोकापर्यंत, एकाही ठिकाणी न चुकता. मीही इतकी सरळ ओढत नाही.

आणि मी डिंक लावला होता. आत चुना आहे. ओला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कोणीतरी घाबरवतंय, हा सरळ तर्क आहे. मला पळवून लावण्यात कोणाचा फायदा आहे, हेही उघड आहे. काल खोली फाडून टाकली. नवी केली. जेवणघराला माझं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात ठेवली. टेबलाभोवती पीठ पेरलं.

सकाळी कुलूप तसंच होतं. पिठावर मुंगीचंही पाऊल नव्हतं. कड बसलेली होती.

मी लहानपणापासून देव मानला नाही, भूत मानलं नाही. आजीने सगळे देव नदीत सोडले आणि घरात पुस्तकं आणली, त्या घरातली मी. मला कारण हवं. आज दिवसभर कारण शोधलं.

मिळालं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर.

दाराची भिंत चिकटवली, हात मागे घेतला आणि स्टुलावर बसून बघत राहिले. दोन-तीन मिनिटं काही नाही. मग फुगलेली कड डाव्या टोकाकडून खाली बसू लागली. हळूहळू. मध्येच थांबली, जणू दाबणाऱ्याने बोट बदललं. मग पुढे. कागदाला कान लावला. खरवडल्यासारखा आवाज. त्यामागे कुजबुज. भांडण नाही, रडणं नाही. काम करताना पोरं एकमेकांना सांगतात तशी. इकडं धर. आता सोड.

तानुबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. ताट ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी विचारलं, हे तुम्ही आधी ऐकलंय? त्या म्हणाल्या, "झाडताना रोजच ऐकतीया, बाई. गुणाची पोरं हायती. कुनाला तरास न्हाई त्यांचा."

मला हेच सहन होत नाही. गुणाची आहेत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी पिशवी भरून स्टँडवर गेले. साताऱ्याची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवला. पुढच्या सोमवारी मशीनचा दात त्या भिंतीत जाईल आणि विटांबरोबर सगळं डंपरमध्ये भरून ओढ्यात टाकतील, हे डोळ्यांसमोर आलं. ना हजेरीपट, ना दगड, ना नाव. मी मोजलं नाही तर कोणीच मोजणार नाही.

गाडी गेली. मी परत आले.

तहसीलला अर्ज दिला. घेणाऱ्या माणसाने वाचला आणि विचारलं, पुरावा काय? आत गेल्याशिवाय पुरावा नाही. आत जायला परवानगी हवी. परवानगीला पुरावा हवा.

गुरुजींकडे गेले. त्यांनी हात जोडले. माझा नातू नव्या कॉलेजात लागायचाय म्हणाले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बिराप्पा गवंडी तयार झाला. जतकडचा आहे. इथलं त्याला काही माहीत नाही आणि ते मीही सांगितलं नाही. चूक केली का — पण सांगितलं असतं तर आला नसता.

भिंतीवर हात फिरवून तो थांबला. फासलेल्या चुन्याखाली सांध्यांतला चुना बाहेर ओघळलाय, म्हणाला. बाहेर उभं राहून बांधली असती तर गवंड्याने तो थापीने कापून घेतला असता. "भित्त आतनं बांदल्याली हाय, अक्का. बांदनारा भाईर कवा आला मग?"

शुक्रवारी कमिटी कारखान्याच्या सभेला जाणार आहे. दुपारी कोणी नसेल. तेव्हा काढू.

झोप नाही. कागदाची खोली टेबलावर आहे. आज कड मी चिकटवलीच नाही, सहाही बाजू सपाट ठेवल्या होत्या. आता परत पाहिलं. उभी आहे. बंद आहे.

गुरुवार, २०

आज काही कापलं नाही. फक्त नावं मिळावीत. दुसरं काही नको.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दुपार

बिराप्पाने पाच थर काढले. मी वाकून आत जाईन एवढं भगदाड. कोणी अचानक आलं तर बाहेर ढिगारा दिसू नये म्हणून विटा आतच रचून ठेवायला मी सांगितलं. त्याने हात आत घालून नीट रचल्या. शेवटची वीट ठेवताना ती त्याच्या हातातून कोणीतरी घेतली, असं तो म्हणाला. थापी टाकून गेला. हाक मारली, थांबला नाही.

मी आत आले. टेप, वही, पेन, टॉर्च. फोन बाहेर टेबलावर राहिला.

लांबी नऊ फूट. रुंदी आठ फूट. आतून भिंत आरशासारखी गुळगुळीत. अकरा ताटल्या घासून पालथ्या. अकरा अंथरुणं ओळीने. त्यांत काय आहे ते लिहीत नाही. एक फार लहान आहे.

मोजून वळले. पाच थर मोकळे होते. चार आहेत.

आवाज नाही. उजेडात मनगटापर्यंत हात दिसतात, चुन्याने पांढरे. वीट घेतात, ठेवतात, दोरीने पातळी बघतात. रागाने नाही. त्यांना सांगितलं होतं म्हणून.

मी ओरडले. प्लेग संपला. रेक्टर मेला. राज्य बदललं, कायदा आला, आता कोणाचं नाव कोणी कमी करू शकत नाही. आयुष्यभर लोकांना पटवलं, एवढं कळकळीने कधी बोलले नाही. हात थांबले नाहीत. हाक मारणारी मी नव्हे. ज्याने मारायची तो कधीच येणार नाही.

मग वहीकडे बघून एकाने विचारलं — नावं लावायला आलाय काय?

हो म्हणाले.

ओळीने उभे राहिले. एक सांगतो, बाकीचे वीट ठेवतात. अजून तीन थर. बाहेर पडता येईल — आत्ता. पण पडले तर सोमवारी —

लिहिते.

१. धोंडी यसू, वांगी, इयत्ता तिसरी.
२. भागू रखमा, नेवरी, तिसरी.
३. सटवा राणू, वांगी, दुसरी.
४. गेनू बाळा, खानापूर, चौथी. हाच मिस्त्री.

दोन थर. आता अंग जाणार नाही. डोकं जाईल. बाहेर तानुबाईंची पावलं — हाक मारली — थांबल्या. म्हणाल्या, व्हय बाळांनो, व्हय. आणि गेल्या. मला त्यांच्यातलंच —

५. लखू सावळा, विटा, दुसरी.
६. यल्लू भिवा, जत, दुसरी.
७. म्हादू, बापाचं नाव आठवत नाही म्हणतो. आठवेपर्यंत थांबले. कोंडी.
८. तुका यसू. पहिल्याचा भाऊ. गाठ याला आली होती.

वही जाईल एवढी फट आहे. आठ नावं तरी बाहेर — पण तीन — तीन राहतील. नाही.

९. राघू जिवा, आटपाडी, पहिली.
१०. सोना मसू, नेवरी, पहिली.

टॉर्च मंद. उजेडाची एक रेघ. गेनूने शेवटची वीट हातात धरलीय, माझं होईपर्यंत थांबलाय. शहाणा पोरगा.

११. बोलत नाही. लाजतोय. बाकीचे पुढे ढकलतात. सगळ्यात लहान. सांग बाळा, लवकर — अजून जोरात — बिनयत्ता म्हणतो, नुकताच आलेला — नाव, बाळा, तुझं नाव —